गोळी आणि दुधाचा पेला

पार्किन्सनच्या आजाराला आपल्याकडे कंपवात म्हणतात. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली त्याचे वर्णन केले. मध्यमेंदूतल्या विशिष्ट पेशी मरत जातात, डोपामिन हे रसायन कमी पडते आणि हालचाली मंदावतात. थरथरणारा हात सर्वांना दिसतो. रुग्ण हळूहळू रोड होत चालला आहे, हे मात्र घरच्यांच्याही उशिरा ध्यानात येते. ‘वय झालं, आता जेवण कमीच जायचं’ म्हणून आपण ते सोडून देतो.

ते सोडून देऊ नये. या आजारातल्या पुनर्वसनात व्यायामाला मोठे स्थान आहे. पण ऊर्जा कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूंतली प्रथिनेही मोडून वापरते. अशा माणसाला नुसताच व्यायाम दिला, तर जे कमवायचे तेच खर्ची पडते.

वजन कमी आहे हे ठरवायचे कसे? किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.६५ मीटर आणि वजन ४५ किलो असेल तर उत्तर येते सुमारे १६.५. प्रौढांमध्ये १८.५ च्या खालचा आकडा कमी वजनाचा समजतात. (वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.)

वजन घटते त्याला कारणे अनेक. वास कळेनासा होतो, मग चवही जाते. जठर सावकाश रिकामे होते, बद्धकोष्ठता असते. हात मंद चालतो. बाकीच्यांची जेवणे उरकतात आणि हा माणूस संकोचून ताटावरून उठतो. औषधामुळे कधी अंगाला अनावर हालचाली सुटतात, त्यातही ऊर्जा जाते. शिवाय वजन उतरले तरी गोळी तेवढीच राहिली, तर दर किलोमागे औषध जास्त पडते, त्या हालचाली वाढू शकतात आणि वजन आणखी उतरते.

आता मुख्य मुद्दा. लेव्होडोपा हे यावरचे प्रमुख औषध रासायनिकदृष्ट्या एक अमिनो आम्लच आहे. प्रथिने पचली की अमिनो आम्ले तयार होतात. लहान आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्यांतल्या काहींना आणि लेव्होडोपाला एकाच वाहकावर अवलंबून राहावे लागते. शाळा सुटल्यावर एकाच अरुंद दारात मुलांची झुंबड उडावी, तसे होते. ताकद यावी म्हणून आपण गोळी पेलाभर दुधाबरोबर देतो, तेव्हा ही झुंबड आपणच घडवून आणतो!

यावर दूध-डाळ बंद करणे हा उपाय नव्हे. ते ऐकून काही घरांत प्रथिनेच तोडली जातात आणि आधीच रोडावलेला माणूस आणखी खंगतो. बदलायची ती वेळ. गोळी सहसा जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर घेतात. मळमळ होत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादे साधे बिस्कीट चालते. काहींना दिवसाच्या प्रथिनांतला मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घेतल्याने फायदा होतो. साजूक तूप, तेल, गूळ यांची लेव्होडोपाशी अशी स्पर्धा नसते, म्हणून मऊ भातावर जास्तीचे तूप घालून ऊर्जा वाढवता येते. मात्र स्निग्ध पदार्थांनी जठर आणखी सावकाश रिकामे होते, तेव्हा तेही गोळीच्या वेळेपासून दूरच बरे.

गिळण्याचा त्रास असेल तर पातळ पाणी सर्वांत अवघड जाते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. पाणी घशातून झपाट्याने उतरते आणि मंदावलेले स्नायू श्वासनलिका वेळेवर झाकू शकत नाहीत. म्हणून ताठ बसवून, लहान घोट द्यावेत. पेय दाट करायचे का, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला विचारावे.

जेवण आणि व्यायाम दोन्ही गोळीचा परिणाम चालू असतानाच ठेवावेत. पाय जमिनीला खिळत असतील तर फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवाव्यात किंवा टाळ्यांचा ठेका द्यावा. बाहेरच्या खुणेने अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते. खुर्चीतून उठ-बस करण्यासारखे ताकदीचे व्यायाम थोडे थोडे, मध्ये विश्रांती देऊन करावेत. आणि आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करून वहीत लिहावे. ५० किलोच्या माणसाचे महिन्याभरात अडीच किलो उतरले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.