बिअर म्हणजे 'जवाचं पाणी'? जरा हिशोब मांडूया

आजचा विषय आमच्याच टीममधून आलाय. एका मित्राला वयाच्या 29 व्या वर्षी फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टरांनी दारू बंद करायला सांगितली, तर हा म्हणतो, "दारू बंदच आहे. बिअर म्हणजे जवाचं पाणी, त्यात अँटिऑक्सिडंट्स असतात!" मी डॉक्टर नाही, बीटेकवाला आहे. पण गणित जमतं.

आधी त्याच्या बाजूने बोलू. बिअरमध्ये पॉलिफिनॉल्स खरंच असतात. त्यातली साधारण 70 टक्के माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातून येतात आणि बाकीची हॉप्सच्या फुलांतून. हॉप्समधलं झँथोह्युमॉल प्रयोगशाळेत फार गाजलंय. पण बिअर बनवताना हॉप्स उकळतात, तेव्हा त्याचं रूप बदलतं आणि ग्लासात ते अगदी थोडं उरतं.

गंमत पुढेच आहे. बिअर गढूळ होऊ नये म्हणून अनेक ब्रुअरीज काही पॉलिफिनॉल्स मुद्दाम गाळून टाकतात! तिथे अँटिऑक्सिडंटची काळजी असते ती बिअर शिळी लागू नये म्हणून, आपलं लिव्हर वाचावं म्हणून नव्हे.

शिवाय परीक्षानळीत जे चालतं ते शरीरात चालेलच असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने याच मुद्द्यावर पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला.

आता हिशोब. 650 मिलीची बाटली, 5 टक्के अल्कोहोल. म्हणजे साधारण 26 ग्रॅम अल्कोहोल, ग्रॅमला 7 कॅलरी, झाल्या 180. कर्बोदकं धरली की 270 च्या आसपास. 8 टक्क्यांची स्ट्राँग असेल तर नुसतं अल्कोहोलच 41 ग्रॅम! लिव्हरला ब्रँड कळत नाही, त्याला हे ग्रॅम कळतात. ते पचवताना अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ऑक्सिडेशनचा ताण उलट वाढतो. थोडं फोलेट मिळतं, पण अल्कोहोल त्याचंच शोषण अडवतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय: अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही.

थोडक्यात काय, पॉलिफिनॉल्स हवी असतील तर चहा आहे, आवळा आहे, ज्वारीची भाकरी आहे. बिअर प्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण डॉक्टर 'दारू बंद' म्हणाले असतील तर त्यात बिअरही आली.

भेटूया पुढच्या भागात!