दातांची संवेदनशीलता
दातांची संवेदनशीलता : थंड, गरम, आंबट वा गोड पदार्थ, वाऱ्याची झुळूक किंवा ब्रशाचा स्पर्श यांमुळे दातात क्षणभर तीव्र कळ उठते व कारण दूर होताच थांबते, त्या अवस्थेस ही संज्ञा लावतात. ‘दात आंबणे’, ‘दात शिवशिवणे’ या प्रयोगांतून तिची ओळख सर्वांना असते. विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांदरम्यान ती अधिक आढळते. सुळे व उपदाढा यांचा ओठ-गालाकडील, हिरडीलगतचा भाग हे तिचे नेहमीचे स्थान होय.

दाताच्या बाहेरील कठीण कवचात म्हणजे दंतवल्कात (एनॅमलमध्ये) तंत्रिका (मज्जातंतू) नसतात. त्याखालील दंतिनात मात्र द्रवाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म नलिका असून त्या दाताच्या पोकळीतील मृदू दंतगरापर्यंत पोहोचतात. दंतवल्काजवळ दर चौ. मिमी.मध्ये त्यांची संख्या सुमारे २०,००० व दंतगराजवळ सुमारे ४५,००० असते. थंडीने किंवा हवेच्या झोताने हा द्रव हलतो व नलिकांच्या आतील टोकाशी असलेल्या तंत्रिका उद्दीपित होतात. मार्टिन ब्रेनस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी पुष्ट केलेली ही द्रवगतिक उपपत्ती आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

तथापि दंतिन उघडे पडलेला प्रत्येक दात दुखत नाही. नलिकांची तोंडे उघडी असावी लागतात. संवेदनशील दातांत उघड्या नलिका इतर दातांच्या सुमारे आठपट व त्यांचा व्यास सुमारे दुप्पट असल्याचे १९८७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दिसून आले. नलिकेतील प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असल्याने व्यास दुप्पट झाला, की प्रवाह सोळापट होतो.

हिरडी मागे सरली, की मुळावरील पातळ संधानक लवकर झिजून दंतिन उघडे पडते. कडक ब्रश आडवा व जोराने घासणे हे याचे एक प्रमुख कारण आहे. दात स्वच्छ ठेवण्याविषयी दक्ष असणारेच पुष्कळदा याला बळी पडतात. लिंबू, चिंच, कैरी व शीतपेये यांतील अम्ले आणि वारंवार उलटीवाटे येणारे जठराम्ल यांनी दंतवल्क व दंतिन विरघळते. अम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग लगेच घासल्यास झीज वाढते. म्हणून आंबट खाल्ल्यावर आधी साध्या पाण्याने चूळ भरावी. कोळसा वा विटेची पूड वापरू नये. महाराष्ट्रात रूढ असलेली मिश्री दातदुखीवर गुणकारी आहे, हा समज घातक आहे : ती भाजलेल्या तंबाखूची पूड असून तिने हिरड्यांची हानी होते व मुखकर्करोगाचा धोका वाढतो.

मऊ ब्रश आणि पोटॅशियम नायट्रेटयुक्त टूथपेस्ट यांनी सौम्य तक्रार बहुधा आटोक्यात येते. पोटॅशियममुळे तंत्रिकांची उत्तेजनक्षमता मंदावते; परंतु त्यास काही आठवडे लागतात व वापर थांबविल्यास तक्रार परतू शकते. स्ट्राँशियम लवणे, स्टॅनस फ्ल्युओराइड किंवा आर्जिनीन असलेल्या पेस्टा नलिकांची तोंडे बुजवितात. दंतवैद्य फ्ल्युओराइडाचे रोगण लावतात, झिजलेली खाच भरतात किंवा हिरडीचे रोपण करतात.

उपचारापूर्वी निदान आवश्यक असते. कीड, दाताची चीर व सुटलेले भरण यांतही प्रारंभी अशीच कळ येते व पेस्टेने ती काही काळ झाकली जाऊ शकते. थंड पदार्थ दूर झाल्यावरही टिकणारी कळ, रात्री आपोआप सुरू होणारा ठणका किंवा चावताना एकाच दातात उठणारी वेदना ही साध्या संवेदनशीलतेची लक्षणे नव्हेत. अशा वेळी दंतगराचा दाह संभवतो व विलंब केल्यास दंतगर मृत होऊन मुळाशी पू होण्याची भीती असते.