देवाच्या पेटीतील पैसा आणि विश्वस्तांचा हिशेब

देवापुढच्या पेटीत भाविकाने टाकलेला रुपया त्या क्षणापासून कोणाचा होतो? भाविकाचा तो राहत नाही, कारण त्याने तो देऊन टाकलेला असतो. पुजाऱ्याचा, धर्मोपदेशकाचा किंवा पंचमंडळाचाही तो होत नाही. देवाचा होतो असे म्हणावे, तर देव काही पेढीवर सही करावयास जात नाही. कायद्याने या कोड्याचे उत्तर ‘विश्वस्त’ या एका शब्दात दिले आहे. पैसा विश्वस्ताच्या हाती असतो, सहीही त्याचीच चालते. परंतु ज्या कार्यासाठी तो पैसा आला, त्या कार्याबाहेर त्यातील एक पैही खर्चण्याची मुभा त्याला नसते. मालकाचे सर्व अधिकार आणि मालकाचे एकही सुख नाही, अशी ही चमत्कारिक जागा आहे.

धर्मादाय पैशाच्या गैरवापराची गोष्ट निघाली की डोळ्यांपुढे येतो तो दानपेटी फोडणारा किंवा देवाचे दागिने लांबवणारा. असला चोर ओळखावयास सोपा. खरे अवघड प्रकरण ते, की ज्यात पैसा कोणी घरी नेत नाही, हेतूही संस्थेच्या भल्याचाच सांगितला जातो, आणि तरीही विश्वासाचा भंग झालेला असतो. सिंगापूर येथील ‘सिटी हार्वेस्ट चर्च’ या ख्रिस्ती संस्थेचे प्रकरण या जातीचे होते. २०१० साली त्याची चौकशी सुरू झाली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तेथील सर्वोच्च न्यायपीठाने त्यातील शेवटचा कायदेशीर प्रश्न निकालात काढला. विश्वस्तपणाच्या कल्पनेचा इतका बारीक कीस अलीकडच्या काळात क्वचितच कोठे पाडला गेला असेल.

हे चर्च काँग ही या धर्मोपदेशकाने १९८९ साली मूठभर तरुणांना हाताशी धरून स्थापन केले. वीस वर्षांत त्याच्या अनुयायांची संख्या तीस हजारांच्या घरात गेली. एवढ्या समुदायाला उपासनेसाठी प्रशस्त वास्तू हवी म्हणून ‘इमारत निधी’ उभारण्यात आला आणि सभासद त्यात नेमाने भर घालू लागले. २००२ साली या चर्चने एक निराळाच उपक्रम हाती घेतला. जे लोक चर्चची पायरी चढत नाहीत त्यांच्यापर्यंत लोकप्रिय गाण्यांच्या द्वारे पोचावे, अशी ती कल्पना होती. गायिका होत्या काँग ही यांच्या पत्नी सन हो. प्रथम चिनी भाषेतील गाणी निघाली. पुढे अमेरिकेत नाव मिळवण्याचा बेत ठरला. धर्मप्रसारासाठी संगीताचा आधार घेणे यात गैर काहीच नाही. भजन-कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला तर ते सहज पटेल. प्रश्न एवढाच होता, की या गाण्यांचा खर्च कोणत्या पैशातून व्हावयाचा?

२००३ च्या आरंभी चर्चच्याच एका सभासदाने हा प्रश्न उघडपणे विचारला. चर्चचा पैसा या गाण्यांच्या प्रसिद्धीकडे वळत आहे, असा त्याचा आरोप होता. चर्चने तो फेटाळला, आणि थोड्याच दिवसांत त्या सभासदाला वृत्तपत्रातून जाहीर माफी मागावी लागली. साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. शंका घेतली गेली त्याच दिवशी वह्या उघडून दाखवल्या असत्या, तर पुढचे काहीच घडले नसते. चर्चच्या धुरीणांनी मात्र या प्रसंगातून उलटाच धडा घेतला. चर्च आणि गायनाचा व्यवसाय यांचा संबंध लोकांच्या नजरेस येता कामा नये, असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी ‘एक्सट्रॉन’ नावाची कंपनी निघाली. कागदोपत्री ती स्वतंत्र होती. तिचे संचालक चर्चचे सभासद होते, आणि निर्णय काँग ही व त्यांचे सहकारीच घेत, असे पुढे न्यायालयाला आढळून आले.

२००७ पासून या कंपनीने कर्जरोखे काढले आणि चर्चने इमारत निधीतून ते विकत घेतले. कर्जरोखा म्हणजे व्याजाने परत करण्याच्या बोलीवर घेतलेल्या कर्जाचा दाखला. निधी पडून राहण्यापेक्षा तो गुंतवावा, असे कोणालाही वाटेल. म्हणून वहीत ‘गुंतवणूक’ असा शब्द पडला की वाचणारा पुढे जातो. एक्सट्रॉनचे १ कोटी ३० लाख आणि एका सभासदाच्या इंडोनेशियातील काचसामानाच्या कंपनीचे १ कोटी १० लाख, मिळून २ कोटी ४० लाख सिंगापूर डॉलर या वाटेने गेले आणि गाण्यांच्या कामी आले. देणारा आणि घेणारा यांच्या वतीने ठरवणारी माणसे तीच होती. कर्ज बुडाले तर चर्चच्या बाजूने तगादा कोणी लावावयाचा, या प्रश्नाला अर्थ उरला नव्हता. ही गुंतवणूक नव्हतीच, तिचे नुसते सोंग होते, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

२००९ साली हिशेबतपासनिसांनी या रोख्यांविषयी खोदून विचारणा सुरू केली, तेव्हा दुसरा फेरा सुरू झाला. चर्चने काही रक्कम एका गुंतवणूक निधीत घातली, काही एक्सट्रॉनला आगाऊ भाडे म्हणून दिली. ती रक्कम या कंपनीतून त्या कंपनीत फिरत चर्चकडेच ‘रोख्यांची परतफेड’ म्हणून परत आली. या फेऱ्यासाठी वापरलेला पैसा होता २ कोटी ६६ लाख डॉलर. आपल्याच कनवटीचा रुपया शेजाऱ्याच्या हातून फिरवून परत घ्यावा आणि चोपडीत ‘उसने दिलेले वसूल’ असे लिहावे, तसलाच हा प्रकार. रोखे नाहीसे झाले आणि त्यांबरोबर त्यांविषयीचे प्रश्नही नाहीसे होतील अशी अपेक्षा होती.

२०१२ साली सहा जणांवर खटला भरण्यात आला. सन हो यांच्यावर आरोप नव्हता. सुमारे १४० दिवस सुनावणी चालली आणि २१ ऑक्टोबर २०१५ रोजी सहाही जण दोषी ठरले. काँग ही यांना आठ वर्षांची, इतरांना एकवीस महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची सजा झाली. आरोपींचा बचाव दुबळा नव्हता. आम्ही स्वतःसाठी काही घेतले नाही, वकिलांचा व हिशेबतपासनिसांचा सल्ला घेतला, आणि जे केले ते चर्चच्या कार्यासाठीच केले, असे त्यांचे म्हणणे होते. पैसा त्यांनी स्वतःच्या खिशात घातला नाही, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु ज्या सल्लागारापुढे अर्धीच हकीकत ठेवली जाते त्याच्या सल्ल्याची ढाल करता येत नाही, आणि साध्य पवित्र असले म्हणून इमारतीचा पैसा गाण्याला लावण्याचा अधिकार मिळत नाही. खरोखर ज्याला आपला मार्ग सरळ वाटतो, त्याला तो आपल्याच तपासनिसापासून लपवण्याचे कारण काय, या प्रश्नाला आरोपींकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

यानंतर खटल्याला जे वळण लागले ते भारतीय वाचकाला विशेष जवळचे वाटावे, कारण त्याचे मूळ भारतीय दंडसंहितेत आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली जिचा मसुदा केला आणि १८६० साली जी संमत झाली, तीच संहिता १८७१ च्या कायद्याने सिंगापूर व मलाक्का येथील ब्रिटिश वसाहतींत गेली. कलमांचे आकडेसुद्धा बहुतांशी तेच राहिले. त्यातील ४०९ वे कलम फौजदारीपात्र न्यासभंगाच्या सर्वांत गंभीर प्रकारासाठी आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ते कोणाला लागू? सरकारी नोकराला, आणि जो पेढीवाला, व्यापारी, अडत्या, दलाल, मुखत्यार किंवा अभिकर्ता म्हणून आपल्या धंद्याच्या ओघात दुसऱ्याची मालमत्ता हाती घेतो त्याला. संस्थेचा संचालक या यादीत नाही. मग त्याला ‘अभिकर्ता’ समजावे काय?

सिंगापूरची न्यायालये १९७६ पासून ‘समजावे’ असे म्हणत आली होती. एप्रिल २०१७ मध्ये तेथील उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी ‘समजू नये’ असा निर्णय दिला. शब्दाचा अर्थ तो कोणाच्या पंगतीला बसला आहे यावरून ठरतो. पेढीवाला, अडत्या, दलाल ही सारी बाहेरची माणसे. गिऱ्हाइकाचा माल हाताळणे हाच त्यांचा धंदा. संचालक हा संस्थेच्या आतला माणूस, तो असा धंदा करीत नाही. परिणामी दोष कायम राहिला, पण गुन्ह्याचा प्रकार सौम्य ठरला. काँग ही यांची सजा आठ वर्षांवरून साडेतीन वर्षांवर आली. १ फेब्रुवारी २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने हाच अर्थ उचलून धरला. कायद्यातील उणीव भरून काढणे हे विधिमंडळाचे काम, न्यायालयाचे नव्हे, असे त्यांचे मत पडले. विधिमंडळाने ते काम केले. १ जानेवारी २०२० पासून सिंगापुरात संचालक या कठोर कलमाखाली आले. शिक्षा कमी झाली म्हणून तेव्हा पुष्कळ लोक संतापले होते. परंतु शब्द ताणून माणसाला तुरुंगात अधिक काळ ठेवावयाचे नाही, हा आग्रह न्यायालयाने धरला तो योग्यच होता.

भारतात मात्र त्याच शब्दाचा अर्थ निराळा लागला आहे. भारत विमा कंपनीच्या पैशासंबंधीच्या खटल्यात रामकृष्ण दालमिया हे कंपनीचे अध्यक्ष या नात्याने ‘अभिकर्ता’ होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ठरवले. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३१६ व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमात पेढीवाला, अडत्या, दलाल ही पंगत जशीच्या तशी बसली आहे.

सिंगापूरला हा पहिला धक्का नव्हता. २००५ साली तेथील मूत्रपिंड-रुग्णांसाठी चालणाऱ्या मोठ्या प्रतिष्ठानाच्या कार्यकारी प्रमुखाने एका वृत्तपत्रसंस्थेवर अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि उलटतपासणीत स्वतःच उघडा पडला. त्याच्या खाजगी स्नानगृहातील सोन्याचा मुलामा दिलेली तोटी देशभर गाजली. त्यापाठोपाठ २००७ साली धर्मादाय संस्थांसाठी कारभाराची संहिता तयार झाली. एक्सट्रॉनचे पहिले रोखे त्याच वर्षीचे, हा योगायोग बोलका आहे. २००९ साली एका बौद्ध भिक्षूला त्याच्या रुग्णालयाच्या निधीतून परवानगीविना कर्ज दिल्याबद्दल व आयुक्तांना खोटी माहिती दिल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. हा रोग एका धर्माचा नाही.

आपल्याकडे मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० साली आला. महाराष्ट्रात व गुजरातेत तो आजही निराळ्या नावांनी चालू आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे १९५१ चा मध्य प्रदेशाचा कायदा आहे आणि तेथे निबंधकाचे काम जिल्हाधिकारी पाहतात. मुंबईच्या कायद्याच्या व्याख्येत देऊळ, मठ आणि वक्फ यांच्याबरोबर चर्च, यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आणि पारशांची अग्यारीही येते. त्याचे ३५ वे कलम सिंगापूरच्या हकीकतीपुढे ठेवून वाचण्यासारखे आहे. विश्वस्तांनी शिल्लक पैसा कोठे ठेवावा, हे तेथे सांगून टाकले आहे: अनुसूचित बँक, टपाल खात्याची बचत, सरकारी रोखे आणि असेच काही. त्याहून निराळी गुंतवणूक करावयाची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. हा नियम विश्वस्तांना जाचक वाटतो, व्याज कमी मिळते अशी तक्रारही असते. पण एक्सट्रॉनसारखी वाट त्याने आरंभीच अडवली असती. जमीन विकावयाची तर ३६ व्या कलमाने तीच परवानगी लागते.

या कायद्याला जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनी आव्हान दिले होते. धर्मसंस्थेच्या ऐहिक कारभारावर सरकारने देखरेख ठेवणे रास्त आहे, असे १९५४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले आणि कायद्याचा बहुतेक भाग टिकला. धर्मकार्यासाठी दिलेला पैसा न्यायालयामार्फत दुसऱ्याच कार्याकडे वळवण्याची तरतूद मात्र त्यांनी रद्द केली. विश्वस्ताला जे बंधन तेच सरकारलाही, असा त्याचा अर्थ झाला. दात्याचा हेतू पुसण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाच नाही.

राहिला प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाला, हा. सिटी हार्वेस्टमध्ये मताचा अधिकार कार्यकारी सभासद म्हणवणाऱ्या थोड्यांनाच होता. नेमाने पैसा देणाऱ्या हजारोंना नव्हता. गोव्यातील देवस्थानांतही १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीप्रमाणे कारभारात मत असते ते महाजनांना. मुंबईच्या कायद्याने याबाबतीत दार बरेच रुंद ठेवले आहे. विश्वस्तांनी न्यासभंग केला असे वाटल्यास ‘हितसंबंधी’ अशा दोन किंवा अधिक व्यक्ती धर्मादाय आयुक्तांची संमती घेऊन न्यायालयात जाऊ शकतात. हितसंबंधी कोण, हेही कायद्याने सांगितले आहे. त्यासाठी मोठी देणगी दिलेली असावी अशी अट नाही. देवळापुरते बोलावयाचे तर, तेथील पूजेला हजर राहण्याचा ज्याला हक्क किंवा परिपाठ आहे, किंवा जो तेथील प्रसाद घेत आला आहे, तो हितसंबंधी होय.