रामनदीच्या काठाने – ७ : धोब्याची हद्द

या आठवड्यात पाषाण तलावावरच्या बदकांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. पण बाणेरच्या एका वाचकांनी धोबी पक्ष्याबद्दल असा प्रश्न विचारलाय की बदकांना आठवडाभर थांबावं लागेल. ते लिहितात, ‘आमच्या पुलाखाली धोबी भर मे महिन्यातही होता. तुम्ही तर त्याला हिवाळी पाहुणा म्हणालात. मग हा परत गेलाच नाही की काय?’

जाईल कसा? तो इथलाच आहे. मे महिन्यात पुलाच्या कठड्यावर बसून गोड शीळ घालणारा तो मोठा धोबी. कपाळ काळं, गळा आणि छाती काळी, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. तो बारा महिने इथे राहतो आणि पाण्याजवळच्या भिंतीच्या फटीत किंवा पुलाच्या खोबणीतही घरटं करतो. पाहुणा तो पांढरा धोबी. अंगाने लहान, कपाळ आणि चेहरा पांढरा, पाठ राखाडी. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमालयातून आणि त्यापलीकडच्या प्रदेशांतून येतो, मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातो. पोटाखाली पिवळा, शेपटीने सर्वांत लांब, तो करडा धोबी; तो त्याच्याही आधी येऊन दाखल होतो. कपाळ बघायची सवय लावली की पहिल्या दोघांत पुन्हा घोळ होत नाही.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्यावर येतो. सोमेश्वरवाडीच्या देवळाच्या खालच्या अंगाला पांढरा धोबी चिखलाच्या कडेने तुरुतुरु धावतो, थबकतो, शेपटी वरखाली करतो, एक चिलट टिपतो आणि पुढे सरकतो. इतक्यात दुसरा धोबी चार हातांवर उतरतो. पहिला ‘चिझिक्’ करत त्याच्यावर धावून जातो आणि थेट वळणापलीकडे पिटाळून येतो. एवढा लांबचा प्रवास करून आलेला हा जीव एका चिलटासाठी इतकी शक्ती का खर्च करतो?

इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ थेम्सच्या काठी निक डेव्हिस यांनी १९७०च्या दशकात याच जातीच्या धोब्यांवर हिवाळे घालवले. त्यांना दिसलं ते असं : नदी काठाला सतत नवे किडे आणून लावते. हद्दीचा मालक एका काठाने वर जातो आणि दुसऱ्या काठाने खाली येतो. फेरीला सुमारे ४० मिनिटं लागतात. तो पहिल्या जागी परतेपर्यंत तिथे नवा माल लागलेला असतो. कुठला पट्टा नुकताच वेचला, हे एकट्या मालकाला ठाऊक. उपरा नेमका त्याच पट्ट्यावर उतरला तर त्याला फारसं काही मिळत नाही. आणि त्याने मधेच किडे टिपले, तर मालकाच्या पुढच्या फेरीचा हिशेब बिघडतो. म्हणून ही हाकलाहाकली.

गंमत पुढेच आहे. किडे मुबलक असले की मालक एखाद्या उपऱ्याला खपवून घेतो. तो थोडं खातो, पण बाकीच्यांना हाकलायलाही मदत करतो. टंचाई आली की त्याच भाडेकरूला बाहेरचा रस्ता. १९८१ साली डेव्हिस आणि अ‍ॅलेस्डर ह्यूस्टन यांनी हे गणित मांडलं. हद्द राखणं परवडतं तोवरच राखायची, हा त्याचा मथितार्थ.

‘धोबी आहे म्हणजे आपला ओढा स्वच्छ’ असंही पुष्कळजण मानतात. ते खरं नाही. सांडपाण्यात प्राणवायू कमी असला तरी काही चिलटांच्या अळ्या मजेत वाढतात, आणि धोब्याचं त्यावर छान भागतं. त्याला हवी असते ती उतरती, ओली, चिखलाची कड. काठाला उभी काँक्रीटची भिंत घातली की पाणी आरशासारखं स्वच्छ असलं तरी धोब्याची फेरी तिथे संपली. नदीसुधारणेच्या नकाशांत ही हातभर रुंदीची कड कुठेच दाखवलेली नसते. तुमच्या भागात असं काम निघालं, तर सुनावणीत पहिला प्रश्न याच कडेबद्दल विचारा.

आणि या रविवारी एवढं करा : एकच पांढरा धोबी निवडा आणि तासभर फक्त त्याच्याकडे बघा. कुठून कुठे जातो, किती वेळाने परततो, कोणाला हाकलतो आणि कोणाला चालवून घेतो, हे वेळेसकट टिपून पाठवा. बदकं पुढच्या आठवड्यात, नक्की.