तोरणमाळ ते डुमस: एका वाटेचा मागोवा

नंदुरबारच्या माणसाला समुद्र जवळचा वाटतो आणि तळे लांबचे. अंतर मोजले तर उलटे आहे. तोरणमाळचा यशवंत तलाव आपल्याच जिल्ह्यात, शहाद्यावरून गेले तर नव्वदेक किलोमीटरवर. सुरतेपलीकडचा डुमसचा किनारा जवळपास दुप्पट लांब, शिवाय परराज्यात. तरी सुट्टीत मुलांना कुठे न्यायचे हा विषय निघाला की घरोघरी आधी सुरतेचेच नाव येते. याचे कारण रेल्वे. रूळ ज्या दिशेने पडले, तिकडे जायची सवय अख्ख्या जिल्ह्याला लागली.

वाट मात्र रुळांहून कितीतरी जुनी आहे. सतराव्या शतकात सुरत बंदरातून बऱ्हाणपूरकडे आणि पुढे आग्र्याला जाणारे तांडे नवापूर, नंदुरबार करतच जात. १६३० साली पीटर मंडी हा इंग्रज याच वाटेने गेला. तेव्हा मोठा दुष्काळ होता आणि रस्त्यावर पाहिलेले हाल त्याने लिहून ठेवले आहेत. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये आला. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, अशी नोंद त्याने केली. या भागातला सुवासिक तांदूळ शिजताना ज्याने वास घेतला आहे, त्याला या नोंदीचे नवल वाटणार नाही.

एकोणिसावे शतक संपता संपता ताप्ती व्हॅली रेल्वे आली. किलिक निक्सन कंपनीने उभारलेला हा सुरत-अमळनेर मार्ग मुख्यतः खानदेशच्या कापसासाठी होता, प्रवाशांसाठी नव्हे. पण एकदा डबे धावू लागले की माणसेही चढतात. लग्नाचा बस्ता, दवाखाना, नोकरी, हिऱ्याच्या आणि कापडाच्या कारखान्यांतले काम, साऱ्यासाठी सुरत. तिथवर गेलेला माणूस एखादी संध्याकाळ डुमसला काळ्या वाळूत घालवायचा, टोमॅटोची भजी खायचा आणि रात्रीच्या गाडीने परत. या सहलीला वेगळे नियोजन कधी लागलेच नाही. खांडबारा, चिंचपाडा, नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली ही स्थानके लहान मुलांनाही ओळीने पाठ असायची. नवापूरला तर फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातमध्ये. एकेरी मार्गाच्या काळात क्रॉसिंगसाठी गाडी कुठेतरी थांबून राहायची. गेल्या दशकात दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाले आणि तोही त्रास बराच कमी झाला.

आता तळ्याकडची बाजू पाहू. नंदुरबारहून प्रकाशा, तिथे तापी ओलांडायची, मग शहादा, आणि तिथून सातपुड्याचा घाट. सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या या पठारावर महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या यात्रेला महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून माणसे लोटतात. यात्रेत जादा एस.टी. सुटतात, जीपगाड्या भरभरून जातात. यात्रा उलगली की पुन्हा शहाद्याच्या स्टँडवर बसून वाट पाहणे आले. रस्ता पूर्वीपेक्षा बरा झाला, सीताखाई पाहायला पावसाळ्यात मोटारी वाढल्या, राहायची सोय झाली. पण ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्याच्यासाठी तोरणमाळ आजही अवघडच आहे. सुरतेहून येणारी गाडी नंदुरबारला किती वाजता पोचते आणि तोरणमाळची एस.टी. शहाद्याहून किती वाजता निघते, या दोन वेळा एकमेकींना विचारून कधी ठरल्याच नाहीत.

इटलीत हीच गोष्ट कशी जमवली आहे ते तिकडे जाऊन आलेली मराठी कुटुंबे सांगतात. मिलानोहून तासाभरात रेल्वेने कोमो सरोवराकाठचे वारेन्ना. स्टेशनावरून चालत धक्क्यावर यायचे आणि बोटीने पंधरा मिनिटांत बेलाजो. समुद्र पाहायचा तर पुन्हा मिलानो गाठून जेनोव्हामार्गे मोंतेरोस्सो, साधारण तीन तास. डोंगर तिथेही आहेत आणि अरुंद रस्तेही आहेत. फरक इतकाच की तिथे स्टेशन ही प्रवासाची मधली पायरी आहे. आपल्याकडे नंदुरबार स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की पुढचे ज्याचे त्याने पाहायचे.

आणि हे केवळ हौशी प्रवाशांपुरते नाही. तळ्याकडून समुद्राकडे जाणारा या वाटेवरचा खरा मोठा प्रवासी धडगाव, अक्कलकुव्याचा आदिवासी मजूर आहे. दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला बायकापोरांसह जाणारी कुटुंबे पाड्यावरून जीपने, मिळेल त्या ट्रकने खाली उतरतात आणि पावसाळ्याआधी तशीच परत चढतात. रेल्वेला जोडून सुटणाऱ्या एस.टी.ची सर्वांत जास्त गरज त्यांना आहे.

जिल्ह्यात आणखी एक मोठे पाणी आहे, सरदार सरोवराचे. महाराष्ट्रातली अक्कलकुवा, अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे त्याने बाधित झाली. मणिबेलीसारख्या गावांच्या वाटा पाण्याखाली गेल्या आणि बोट हीच वाट उरली. २०१९ च्या मकरसंक्रांतीला भुषा गावाजवळ नर्मदेत बोट उलटून लहान मुलांचे जीव गेले. खाली धरणाजवळ केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा झाला, रेल्वेस्थानक झाले, पर्यटकांच्या बोटी आल्या. वरच्या अंगाला पर्यटन आणायच्या गोष्टी आता होतात, त्याला माझा विरोध नाही. पण त्या पाण्यावर आधी गावकऱ्यांसाठी वेळेवर सुटणारी, जीवरक्षक जाकिटे असलेली बोट हवी. पर्यटक त्यानंतर.

एवढ्या वर्षांत आपण रूळ दुप्पट केले, घाट रुंद केला, पण या दोहोंना जोडले नाही. त्यासाठी नवा खर्चही फारसा नाही. सुरतेकडून सकाळी येणाऱ्या गाडीला धरून नंदुरबार स्टेशनाबाहेरून तोरणमाळची एक एस.टी. आणि एक धडगावची, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत, गाडी उशिरा आली तर थोडी थांबणारी. वाटेवरच्या ग्रामपंचायतींनी, शहादा आणि नंदुरबारच्या पालिकांनी, प्रवासी संघटनांनी ही मागणी एका आवाजात एस.टी. महामंडळापुढे ठेवावी. तोवर तोरणमाळला जाणाऱ्यांनी शहाद्याहून सकाळची पहिली गाडी पकडावी, परतीची वेळ स्टँडवर विचारूनच वर चढावे आणि पावसाळ्यात धुके उतरण्याआधी घाट सोडावा.