तबकडींतला सूर आणि घरांतली खोली

गाणें मुद्रित करण्याच्या कलेनें गेल्या सव्वाशे वर्षांत केवढी मजल मारली आहे! १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान कर्ण्यापुढें गाइली, तेव्हां सारा राग तीन मिनिटांत आटोपावा लागला. आज वितीहून लहान अशा चकचकीत तबकडींत संपूर्ण मैफल मावते, आणि माणसाच्या कानाला ऐकूं येईल तेवढें सर्व, किंबहुना त्याहून अधिकही, तिच्यांत सांठविलेलें असतें. असें असून पुष्कळ घरांत तीच तबकडी लावली असतां तबला नुसता घुमतो, शब्द अस्पष्ट येतात आणि तंबोरा तर ऐकूंच येत नाहीं. मग घरधनी आणखी महाग तबकडी व आणखी महाग यंत्र यांच्या शोधाला लागतो. आमचें म्हणणें असें कीं, हा दोष बहुधा तबकडीचा नसून खोलीचा व मांडणीचा असतो. आणि तो अल्प खर्चांत, कित्येकदां फुकटच, दूर करतां येतो.

आंकड्यांचा अर्थ

१९८२ सालीं बाजारांत आलेल्या साध्या सीडीवर ध्वनीचीं दर सेकंदाला ४४,१०० मापें घेतलेलीं असतात व प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलेलें असतें. पहिल्या आंकड्यावरून किती उंच सूर उतरेल हें ठरतें, तर दुसऱ्यावरून अगदीं हळू व अगदीं मोठा या दोन आवाजांतील अंतर ठरतें. माणसाचा कान सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकतो. साठी उलटलेल्या पुष्कळांची मर्यादा तर दहा-बारा हजारांवरच येते. म्हणजे सीडीचें मापही कानाला पुरून उरतें. पुढें १९९९ सालीं सोनी व फिलिप्स या कंपन्यांनीं सुपर ऑडिओ सीडी काढली, आणि तिच्या पाठोपाठ २४ बिटांची डीव्हीडी-ऑडिओ आली. तिच्यांत हीं मापें सेकंदास १,९२,००० पर्यंत जाऊं शकतात.

या अधिक मापांचा कानाला किती उपयोग होतो? अमेरिकेंत मेयर व मोरन या दोघांनीं २००७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीच्या तबकड्यांचा आवाज मूळ स्वरूपांत आणि सीडीच्या मापांत उतरवून, असा दोन्ही तऱ्हांनीं श्रोत्यांना ऐकविला. ५५४ वेळां विचारलें, तेव्हां बरोबर उत्तरें आलीं २७६. नाणें उडवून सांगितलें असतें तरी एवढींच आलीं असतीं. २०१६ सालीं लंडन येथील जोशुआ रीस यांनीं अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हां फरक ओळखण्याचें प्रमाण शेकडा ५२ हून किंचित् अधिक निघालें. शिकविलेल्या कानांचें त्याहून बरेंच अधिक. तात्पर्य, फरक असलाच तर केसाएवढा आहे. उलट स्पीकर दोन फूट सरकविला तर पडणारा फरक घरांतल्या पोरालाही कळतो.

मग या तबकड्या पुष्कळदां गोड कां लागतात? कारण त्यांच्यासाठीं मुद्रण करणारे अधिक काळजी घेतात आणि आवाज उगाच दाबून मोठा करीत नाहींत. यास्तव तबकडी घेतांना वेष्टनावरील आंकड्यांपेक्षां मुद्रण कोणी व कसें केलें याकडे लक्ष द्यावें.

तंबोऱ्याची कसोटी

आपल्या घरचा आवाज चांगला कीं वाईट, हें कशावरून ठरवावें? सांगली-साताऱ्याकडील लोकांना त्यासाठीं दूर जावयास नको. मिरजेस एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेब यांच्यापासून तंबोरे व सतारी घडविण्याची परंपरा सुरूं झाली, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. त्या पेठेंतील एखाद्या दुकानांत जाऊन नीट जवारी लावलेला तंबोरा, मध्यें ध्वनिवर्धक नसतां, पावघटका तरी ऐकावा. घोडीवरच्या दोऱ्यामुळें एकेका तारेंतून स्वरांची रांगच्या रांग उमटते आणि खर्जाच्या तारेंतून स्वयंभू गांधार बोलूं लागतो. तो कानांत सांठवून घरीं यावें व आपली तबकडी लावावी. गाणाऱ्याच्या मागें तो झंकार ऐकूं आला, तर यंत्र व खोली ठीक आहेत असें समजावें. न आला, तर पुढील उपाय करून पाहावे.

खोलीचा दोष

साताऱ्याच्या जुन्या वाड्यांतील माजघर आठवावें. मातीच्या जाड भिंती, लांकडी तुळया, सारवलेली जमीन आणि गाद्या-लोडांची बैठक, या सर्वांत जास्तीचा आवाज मुरून जाई. आजच्या सदनिकेंत गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती व कांचेच्या खिडक्या असतात. आवाज त्यांवर आपटून परत येतो आणि मूळ सुरांत मिसळतो. खोलीच्या मध्यें उभें राहून एक टाळी वाजवावी. टाळीच्या मागें झणझण उमटली, तर दोष सांपडला.

उपाय सोपे आहेत. स्पीकर व श्रोते यांच्यामध्यें जाड सतरंजी घालावी. खिडकीला जाड पडदा लावावा. पाठीमागच्या भिंतीशीं पुस्तकांचें कपाट ठेवावें. लहानमोठ्या पुस्तकांवर आवाज विखुरतो. मात्र सर्वच भिंती झांकून टाकूं नयेत, नाहीं तर गाणें मेल्यासारखें वाटतें.

स्पीकरांची जागा

पुष्कळ घरांत स्पीकर शोभेच्या कपाटांत, नाहीं तर खोलीच्या कोपऱ्यांत असतात. कोपऱ्यांत खर्ज फुगतो आणि डग्गा गाण्याला गिळून टाकतो. दोन्ही स्पीकर भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढें आणावे. त्यांच्यांत सहा-सात फुटांचें अंतर ठेवून आपणही तितक्याच अंतरावर बसावें, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या होतात. बारीक आवाज देणारा लहान पडदा कानाच्या उंचीवर यावा. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून सुमारें सव्वातीन फुटांवर असतो, तर मांडी घालून बसणाऱ्याचा अडीच फुटांवर. आपल्याकडे गाणें बैठकीवर बसून ऐकण्याची रीत असल्यानें उंची त्या मानानें ठरवावी. घरांतील मंडळींना वाटेंत अडचण वाटत असेल, तर स्पीकर ऐकण्यापुरते पुढें ओढून मग मागें सारावे. तेवढ्यासाठीं गृहिणीशीं वाद नको.

तारांची जोडणीही तपासावी. एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या तारा उलट लागल्या, तर गाणारा समोर बसल्यासारखा वाटत नाहीं आणि खर्ज नाहींसा होतो. सुपर ऑडिओ सीडीच्या बाबतींत आणखी एक मेख आहे. पुष्कळशा तबकड्यांत साध्या सीडीचा एक व उच्च प्रतीचा एक, असे दोन थर असतात, आणि वरचा थर साध्या सीडीयंत्राला वाचतां येत नाहीं. त्यासाठीं असलेलें यंत्र घेतलें तरी सीडीसाठीं वापरतात ती अंकीय तार त्या थराला चालत नाहीं. एचडीएमआय किंवा साधी तांबडी-पांढरी जोडतार लागते. कित्येकांनीं पैसे मोजले दुसऱ्या थराचे आणि वर्षानुवर्षें ऐकला तो पहिलाच!

आजोबांच्या तबकड्या

खरी संपत्ति मात्र माळ्यावर असते. मिरजेस राहिलेले व तेथेंच दफन झालेले अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) आणि मिरजेंत जन्मलेल्या त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांच्या लाखेच्या तबकड्या या भागांतील कित्येक घरांत अजून आहेत. त्या किल्लीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईनें वाजवूं नयेत. प्रत्येक वेळीं खांचेचा थोडा भाग झिजतो. त्यांची खांच रुंद असल्यामुळें नव्या यंत्रालाही ७८ फेऱ्यांची वेगळी सुई लावावी. धुण्यासाठीं स्पिरिट कधींही वापरूं नये. लाख स्पिरिटांत विरघळते, हें पॉलिश करणारा कोणताही सुतार सांगेल. शुद्ध पाणी व मऊ फडकें पुरे, आणि मधला कागद कोरडा ठेवावा. तबकड्या उभ्या ठेवाव्या, एकीवर एक रचूं नयेत. सांगलीकरांनीं २००५, २०१९ व २०२१ हे कृष्णेचे महापूर आठवून त्या वरच्या मजल्यावरच ठेवाव्या.

फेऱ्यांचा वेगही महत्त्वाचा आहे. जुन्या तबकड्या सर्वच बरोबर ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहींत. ७८ च्या जागीं ८२-८३ फेरे पडले, तर काळी एकची पट्टी पांढरी दोन होते आणि गवयाचा आवाज ओळखूं येईनासा होतो. गाणाऱ्याची पट्टी माहीत असणाऱ्या जाणकाराकडून वेग ठरवून घ्यावा, आणि मग एकदांच काळजीपूर्वक २४ बिट व ९६,००० या मापांत नक्कल करून ठेवावी. ध्वनिसंग्रहालयांत हींच मापें रूढ आहेत. १९२५ पूर्वींच्या कर्ण्याच्या पद्धतींत तीन हजार कंपनांपलीकडचें फारसें उतरत नसे, त्यामुळें नक्कलेंत नवे सूर येतील अशी आशा नको. परंतु जें आहे तें सर्व टिकेल, आणि तबकडी फुटली तरी गाणें राहील. उच्च प्रतीच्या मापांचा घरगुती उपयोग कोठें असेल, तर तो येथें आहे.

म्हणून नवें कांहीं विकत आणण्यापूर्वीं येत्या रविवारीं खोलींत टाळी वाजवून पाहावी, स्पीकर कोपऱ्यांतून पुढें काढावे, सतरंजी पसरावी आणि तंबोरा ऐकूं येतो कीं नाहीं हें घरांतील सर्वांना विचारावें. विशेषतः मुलांना, कारण त्यांचे कान आपल्याहून तिखट असतात. वांचलेल्या पैशांतून आधीं माळ्यावरच्या तबकड्यांची नक्कल करून घ्यावी. यंत्रें पुढल्या वर्षींही मिळतील. त्या तबकड्या एकदां गेल्या म्हणजे पुन्हां मिळावयाच्या नाहींत.