खंडेराव मार्केट आणि जावास्क्रिप्टचा वेग

मंडळाच्या कार्यक्रमात कॉलेजातली मुलं भेटली की एक वाक्य हमखास कानावर येतं : "काका, पायथन आणि जावास्क्रिप्ट सोप्या आहेत, पण हळू. वेग हवा तर सी प्लस प्लसच." मी बडोद्यात बसून कित्येक वर्षं जावास्क्रिप्टवरच पोट भरतो, तेव्हा यावर दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे! निम्मं वाक्य खरं आहे. उरलेलं निम्मं आता तितकंसं खरं राहिलेलं नाही.

सी प्लस प्लसमध्ये तुम्ही आधीच लिहून देता, की या डब्यात फक्त पूर्णांक, त्या डब्यात अक्षरं. त्यावरून कंपायलर प्रोसेसरला थेट कळणाऱ्या सूचना तयार करून ठेवतो. जावास्क्रिप्टमध्ये असं काही सांगावं लागत नाही. दोन्ही बाजूंना आकडे असतील तर अधिकचं चिन्ह बेरीज करतं, एका बाजूला मजकूर असेल तर जोडणी. 450 मध्ये मजकूर म्हणून आलेले 50 मिळवा, उत्तर 45050! म्हणजे प्रत्येक चिन्हापाशी थांबून विचारायचं, 'तू कोण? आणि हा कोण?' लाख वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये लाख वेळा तीच चौकशी. भाषा हळू चालते ती यामुळे.

आमच्या खंडेराव मार्केटमधला भाजीवाला अशी चौकशी करत बसत नाही. ओळखीच्या काकू दिसल्या की मराठीत, शेजारच्या बेन आल्या की गुजरातीत. अंदाज चुकला तर हसून भाषा बदलतो. जस्ट-इन-टाइम कंपायलर, म्हणजे 'जिट', हाच धंदा करतो. प्रोग्राम आधी साध्या इंटरप्रिटरवर चालतो आणि कुठे कोणत्या प्रकारची माहिती येते याची नोंद होत राहते. एखादं फंक्शन वारंवार वापरलं जातंय आणि दरवेळी आकडेच येतायत असं दिसलं, की जिट फक्त आकड्यांसाठीच वेगवान कोड बनवतो. दारावर एक छोटी तपासणी ठेवतो. भलतंच काही आलं तर तो कोड सोडून पुन्हा साध्या वाटेनं जायचं. याला डीऑप्टिमायझेशन म्हणतात, आणि ते महाग पडतं. भाजीवाल्याच्या हसण्याइतकं स्वस्त नाही.

ही युक्ती जुनी आहे. 1987 च्या सुमारास डेव्हिड अंगार आणि रँडल स्मिथ यांनी 'सेल्फ' नावाची भाषा मांडली. एकाच जागी आलेले निरनिराळे प्रकार लक्षात ठेवायची पद्धत 1991 मध्ये याच भाषेसाठी प्रसिद्ध झाली. सेल्फवर काम केलेल्या लार्स बाक यांनी पुढे डेन्मार्कमध्ये गूगलसाठी व्ही8 इंजिन उभारलं, आणि 2008 मध्ये ते क्रोमबरोबर घराघरांत पोचलं.

आता आमच्या कामातलं उदाहरण. एका ग्राहकाची माणसं गावोगाव फिरून मोबाइलवर मीटरच्या नोंदी घ्यायची. पैसे नोंदीमागे, त्यामुळे स्क्रीन अडकला की कमाई अडकली. आमच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर तेच पान सुरेख पळत होतं. त्यांच्या स्वस्त फोनवर यादी सरकवताना मात्र नको जीव होई. नवे फोन घ्या, असाही सल्ला कुणीतरी दिला. (तो खर्च कोणाच्या माथी, हे सांगायला नकोच.)

तपासल्यावर कळलं, की नोंदी सहा ठिकाणांहून येतात आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. कुठे आधी नाव मग क्रमांक, कुठे उलटं, कुठे एखादा रकाना गायबच. माणसाला सगळं सारखंच. पण व्ही8 प्रत्येक मांडणीचा वेगळा साचा मानतं, आणि कोडमधल्या एका जागी जेमतेम चार साचे लक्षात ठेवतं. पाचवा आला की अंदाज सोडून देतं आणि सरसकट, हळू मार्गाला लागतं. आम्ही नोंद आत येताक्षणी तिची नवी प्रत करू लागलो : रकाने ठरावीक क्रमानं, नसलेला रकाना रिकामा पण हजर, रक्कम नेहमी आकड्यात. पंधरा-वीस ओळींचं काम. त्याच जुन्या फोनवर यादी नीट सरकू लागली.

स्वस्त फोनची अडचण व्ही8 बनवणाऱ्यांनाही चुकली नाही. सुरुवातीला त्यात इंटरप्रिटर नव्हताच, सगळ्याचा थेट यंत्रकोड व्हायचा आणि त्याला मेमरी फार लागायची. 2017 मध्ये इग्निशन हा इंटरप्रिटर आणि टर्बोफॅन हा जिट अशी जोडी आली. पुढे 2021 मध्ये स्पार्कप्लग आणि 2023 मध्ये मॅग्लेव्ह हे मधले टप्पे आले, कारण चार सेकंदांत बंद होणाऱ्या पानासाठी सर्वोत्तम कोड बनवत बसणं हा निव्वळ तोटा.

पायथन याच वाटेनं सावकाश निघालं आहे. 2022 च्या 3.11 आवृत्तीत इंटरप्रिटरच माहितीचे प्रकार बघून स्वतःला जुळवून घेऊ लागला आणि सरासरी वेग सव्वापट झाला. 2024 च्या 3.13 मध्ये प्रायोगिक जिट आला, पण तो आपणहून चालू नसतो.

तेव्हा प्रोजेक्टची भाषा बदलण्याआधी एक करून बघा. नोडमध्ये 'ट्रेस डीऑप्ट' नावाचा पर्याय आहे. तो देऊन प्रोग्राम चालवला, की इंजिनाचा अंदाज कुठे आणि कशामुळे चुकला ते छापून येतं. पहिल्यांदा पाहाल तर यादी लांबलचक वाटेल. त्यातल्या एकदाच चुकलेल्या ओळी सोडून द्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या दोन-तीन बघा.